मंद आवाजाची कसोटी

बेळगावच्या शहापुरात काय किंवा निपाणीच्या जुन्या वस्तीत काय, घराला घर लागून असते आणि मधली भिंत पुष्कळदा दोघांची सामाईक असते. तिच्या एका बाजूस दहावीचा अभ्यास, तर दुसऱ्या बाजूस आजारी वृद्ध. अशा ठिकाणी रात्रीचे गाणे मंद आवाजातच ऐकले पाहिजे. कायद्याचेही सांगणे तेच आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनीची मर्यादा ४५ डेसिबेल ठरविलेली आहे.

परंतु आवाज उतरविला की गाणे दुबळे वाटू लागते. तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा हरवतो, आणि रसिक नाइलाजाने बटण पुन्हा फिरवितो. यात दोष केवळ यंत्राचा नसतो. मनुष्याचा कान सर्व स्वरांना सारखाच न्याय देत नाही. अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेच्या फ्लेचर व मन्सन या संशोधकांनी १९३३ साली हे मोजून दाखविले. २००३ सालच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे, सेकंदाला १००० कंपनांचा स्वर ८० डेसिबेलवर असता १०० कंपनांचा स्वर तितकाच मोठा भासण्यास सुमारे १२ डेसिबेल अधिक लागतात. पहिला स्वर ४० डेसिबेलवर आणला, की हीच तूट २४ डेसिबेल होते. म्हणून आवाज सर्वत्र सारखा उतरविला तरी कानाला खर्ज अधिक उतरलेला वाटतो.

यावर उपाय आहे. काही अँप्लिफायरवर ‘लाउडनेस’ नावाचे बटण असते. ते मंद आवाजात खर्जाची ही तूट भरून काढते. मोठ्या आवाजात मात्र ते बंद ठेवावे. ते नसल्यास खर्जाचे साधे बटणही बरेच काम देते. खोलीच्या दुसऱ्या टोकास ठेवलेला स्पीकर जवळ आणून ऐकणे हा बिनखर्चाचा मार्ग होय. त्यामुळे कानाशी आवाज पुरेसा राहतो व भिंतीपलीकडे कमी जातो. स्पीकर सामाईक भिंतीला टेकवून मात्र कधीही ठेवू नये.

खरेदीच्या वेळी वॅटच्या मोठ्या आकड्याला भुलण्याचे कारण नाही. वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबेलने वाढतो, आणि मंद श्रवणास बहुधा एक वॅटही लागत नाही. दुकानदार सहसा यंत्र मोठ्याने वाजवून दाखवितो. ग्राहकाने त्यास आवाज अगदी खाली आणावयास सांगावे. बेळगावजवळच्या सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांचे एखादे परिचित ध्वनिमुद्रण त्यासाठी बरोबर न्यावे. तंबोऱ्याची आस, ठेक्यातला डग्गा आणि बंदिशीचे शब्द त्या आवाजातही स्पष्ट लागतात का, हे पाहावे. दोन यंत्रांची तुलना करताना दोहोंचा आवाज सारखा ठेवावा, कारण थोडे मोठे वाजणारे यंत्र उगाचच चांगले वाटते. बटण थोडेच फिरविले असता एका बाजूचा स्पीकर मुका राहत नाही ना, हेही तपासावे. शेवटी गाणे थांबवून कान जवळ न्यावा; नुसत्या यंत्राची सरसर ऐकू आली, तर रात्रीच्या शांततेत ती अधिकच जाणवेल.

असे पारखून घेतलेले यंत्र घरात आले, म्हणजे रसिकाला गाणे पुरते ऐकता येते आणि त्यासाठी शेजाऱ्याची झोप मोडावी लागत नाही.