ख्रिस्ती जीवनात प्रार्थना आणि आध्यात्मिक शिस्तीचे महत्त्व



शाळेतला परिपाठ आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. मुलं हात जोडून रांगेत उभी असतात, ओठ हलत असतात आणि एक डोळा मैदानातल्या कुत्र्याकडे असतो. आपणही तेवढ्यात हजेरीपत्रक शोधत असतो, खोटं कशाला बोला! मग मनात येतं की रोज तेच तेच शब्द म्हणण्याला अर्थ काय?

मी ख्रिस्ती कुटुंबातली. आठवडाभर प्राथमिक शाळेत शिकवते आणि रविवारी चर्चमध्ये लहान मुलांचा धार्मिक शिक्षणाचा वर्ग घेते. त्याला आमच्याकडे शब्बाथ शाळा म्हणतात. तिथे चौथीतल्या एका मुलीने मला विचारलं, "टीचर, आजी बरी व्हावी म्हणून मी रोज प्रार्थना केली. तरी ती गेली. मग आता कशाला करायची?" मी घाईघाईने सांगितलं, "देवाची इच्छा, बाळा." तिने मान हलवली. पण गणित समजलं नाही की मुलं जशी मान हलवतात ना, तशी. घरी आल्यावर माझं मलाच वाईट वाटलं. हा लेख त्या प्रश्नातून सुचला आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, ख्रिस्ती धर्मात प्रार्थना ही शिकण्याची गोष्ट मानली आहे. लूकच्या शुभवर्तमानात शिष्यांपैकी एक जण येशूला सरळ म्हणतो की आम्हाला प्रार्थना करायला शिकवा. हे शिष्य लहानपणापासून प्रार्थना ऐकत वाढलेले यहुदी लोक होते, तरी त्यांना शिकावंसं वाटलं. तेव्हा येशूने जी प्रार्थना शिकवली तिला 'प्रभूची प्रार्थना' म्हणतात. कॅथलिक असो की प्रोटेस्टंट, जगभर ती म्हटली जाते. मत्तयच्या शुभवर्तमानातही ती आहे, तिथे थोडी मोठी आहे.

ही प्रार्थना शिक्षकाच्या नजरेने वाचून बघा. सुरुवातीला मागणं स्वतःसाठी नाहीच. देवाचं नाव, देवाचं राज्य आणि देवाची इच्छा हे आधी येतं. मग भाकरी, आणि तीसुद्धा आजच्यापुरती. वर्षभराचं धान्य मागितलेलं नाही. त्यानंतर क्षमा येते, आणि तिला अट जोडलेली आहे: आम्ही दुसऱ्यांना क्षमा करतो तशी आम्हाला कर. मला विचाराल तर सगळ्यात अवघड ओळ हीच. जावेशी अबोला धरून ही ओळ म्हणून बघा, जीभ अडखळते. आणखी एक, व्याकरण शिकवताना लक्षात आलं. या प्रार्थनेत 'मी' आणि 'माझे' कुठेच नाही, सगळीकडे 'आम्ही' आणि 'आमचे' आहे. दार लावून एकटे बसलात तरी मागायचं सगळ्यांसाठी.

आता येशूची स्वतःची सवय पाहू. मार्कच्या पहिल्याच अध्यायात कफर्णहूम गावचा प्रसंग आहे. संध्याकाळी सगळं गाव दारापाशी गोळा झालं होतं, आजारी माणसांची रीघ लागली होती. एवढ्या दमवणाऱ्या दिवसानंतर तो पहाटे अंधारातच उठून एकांतात प्रार्थनेला गेला. वेळ उरला तर प्रार्थना, असं ते नव्हतं. बारा प्रेषित निवडण्यापूर्वी त्याने डोंगरावर पूर्ण रात्र प्रार्थनेत काढल्याचं लूक सांगतो.

आणि मग गेथशेमाने बाग. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूने विनंती केली की शक्य असेल तर हे दुःख टळू दे. तीन वेळा, त्याच शब्दांत. जवळचे शिष्य झोपून गेले होते. आणि ते दुःख टळलं नाही. त्या मुलीला मी हे आधी सांगायला हवं होतं. तिची प्रार्थना कमी पडली, असं नाही. खुद्द येशूलाही मागितलेलं मिळालं नाही. पौलानेही आपल्या शरीरातला 'काटा' निघावा म्हणून तीनदा विनवणी केली, तो निघाला नाही.

मग शिस्तीचा उपयोग काय? इथे मला पाठांतराबद्दल बोलायचं आहे. आजकाल पाठांतर म्हटलं की आपण नाक मुरडतो. समजून शिकलं पाहिजे हे खरंच आहे, मीही तेच सांगते. पण वधस्तंभावर प्राण जात असताना येशूच्या तोंडून जो आक्रोश निघाला तो बाविसाव्या स्तोत्राची सुरुवात आहे. म्हणजे अगदी शेवटच्या वेदनेत त्याच्या ओठांवर आले ते शास्त्रातले पूर्वीचे शब्द. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत, आणि त्यांतली कितीतरी चक्क देवाकडे केलेल्या तक्रारी आहेत. रोज म्हणून अंगवळणी पडलेले शब्द, आपले शब्द संपतात तेव्हा कामाला येतात.

हे मी अनुभवाने सांगते. माझे वडील गेले त्यानंतर कितीतरी दिवस मला एक शब्द सुचत नव्हता. पण आईने रात्री आठची कौटुंबिक प्रार्थना एक दिवसही चुकवली नाही. मी नुसती बसायचे. ती म्हणायची, "तू म्हणू नको, बस फक्त." तेवढं बसणं नसतं तर मी परत प्रार्थनेकडे वळले असते का, सांगता येत नाही.

कॅथलिक कुटुंबांत हेच काम रोझरीची माळ करते. वसईकडच्या गावांत संध्याकाळी घरातली सगळी जण एकत्र बसून ती म्हणण्याची रीत आहे. वर्षाच्या शिस्तीत उपवासकाळ येतो. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत रविवार सोडून ४० दिवस प्रार्थना, उपवास आणि दानधर्म. तिन्ही गोष्टी मत्तयच्या सहाव्या अध्यायात एकत्र आहेत आणि तिन्हींना तिथे एकच ताकीद आहे: लोकांना दाखवायला करू नका. उपवास असेल तर तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, सुतकी चेहरा करून फिरू नका!

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. दुष्काळातून वाचवलेल्या मुली आणि विधवांना त्यांनी केडगावच्या मुक्ती सदनात आसरा दिला. तिथे प्रार्थना रोजची होती आणि शिक्षण, शेती, विणकाम, छापखाना हेही रोजचं होतं. १९०५ साली तिथे प्रार्थनेची मोठी जागृती झाली, पण काम काही थांबलं नाही. रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. १९२२ साली त्या वारल्या, तोपर्यंत ते काम चालू होतं. इतकी वर्षं एकाच कामाला चिकटून राहणं ही मला आध्यात्मिक शिस्तच वाटते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तर ख्रिस्ती प्रार्थनेला अभंगाचं रूप दिलं. त्यांची भजनं आजही मराठी चर्चमध्ये पेटी-तबल्यावर गायली जातात, आणि लहान मुलांना इतर कशापेक्षाही ती लवकर पाठ होतात.

पालकांना एकच विनंती. प्रार्थनेची शिक्षा करू नका. "खोटं बोललास ना, आता गुडघे टेकून दहा वेळा प्रार्थना म्हण," असं मी काही घरांत ऐकलं आहे. अशाने मुलाच्या मनात प्रार्थना आणि ओणवं उभं राहणं एकाच खात्यात जातं. त्यापेक्षा पाच मिनिटं, ठरलेली वेळ, मोबाईल दुसऱ्या खोलीत आणि आपण स्वतः शेजारी बसलेलो, एवढं पुरे.

पुढच्या रविवारी मी त्या मुलीला गेथशेमानेची गोष्ट सांगितली. तिने सगळी ऐकली आणि विचारलं, "मग शिष्यांना कुणी उठवलं का नाही?" मी म्हटलं, "येशूनेच उठवलं, पण ते पुन्हा झोपले." ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मी जागी राहिले असते." त्या दिवशी शेवटची प्रार्थना तिनेच घेतली, आजीचं नाव घेऊन.