अटलांटिकवरील चौविहार

सातवाहनकाळी जुन्नरचा माल नाणेघाट उतरून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जाई. त्याच जुन्नर-आंबेगाव परिसरातील एखाद्या कुटुंबास आज जहाजाने अटलांटिक ओलांडावयाचा असेल, तर ‘क्वीन मेरी २’ साउथॅम्प्टनहून न्यूयॉर्कला सहसा सात रात्रींत पोहोचते. वाटेत बहुधा एकही बंदर नाही.

चौविहार पाळणाऱ्यांनी तिकिटाआधी सूर्यास्ताची वेळ पाहावी. जुन्नरला तो वर्षभर सुमारे सहा ते सव्वासात या वेळेत होतो. साउथॅम्प्टनला जूनमध्ये रात्री नऊनंतर, तर डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या सुमारास! उन्हाळ्यात सायंभोजन निवांत आटोपते. हिवाळ्यात भोजनगृहातील रात्रीच्या पंगतीपूर्वीच सूर्य बुडालेला असतो. शिवाय पश्चिमेकडे जाताना एकूण पाच तास घड्याळ मागे घ्यावे लागते, त्यामुळे घरून नेलेला वेळांचा तक्ता निरुपयोगी ठरतो. रोजची वेळ जहाजावरच विचारावी.

कंदमूळविरहित भोजनाची सूचना आरक्षण करतानाच लेखी द्यावी. नुसते ‘शाकाहारी’ लिहिल्यास कांदा-बटाटा ताटात येणारच. ब्रिटन आणि अमेरिका, दोन्ही देशांचे व्हिसा आधी हाती हवेत. खाकरे अवश्य न्यावेत. उरलेले न्यूयॉर्कला उतरताना सीमाशुल्क अधिकाऱ्यांना सांगावेत.