महिला दुहेरी टेनिस : प्रवेश, क्रमवारी व गुणपद्धती

व्यावसायिक टेनिस स्पर्धेचा वृत्तांत बहुधा एकेरीच्या अंतिम सामन्याभोवती रचलेला असतो; दुहेरीचा निकाल अखेरच्या ओळीत उरकला जातो. तथापि भारतीय महिला टेनिसला जागतिक पातळीवर जे सर्वोच्च यश लाभले ते दुहेरीत. म्हणूनच या प्रकाराची अंतर्गत रचना समजून घेणे अगत्याचे ठरते.

मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टांवर २०१७ व २०१८ मध्ये आणि पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘मुंबई ओपन’ ही डब्ल्यूटीए १२५ दर्जाची स्पर्धा झाली. २०२४ चे महिला दुहेरीचे विजेतेपद स्लोव्हेनियाची दलिला याकुपोविच व अमेरिकेची सबरिना सांतामारिया यांनी मिळविले. दोन देशांच्या खेळाडूंची अशी जोडी आशियाई वा ऑलिंपिक क्रीडास्पर्धेत चालत नाही. व्यावसायिक स्पर्धेत मात्र ती नित्याची बाब आहे. तेथे प्रवेश ठरतो तो दोघींच्या क्रमांकांच्या बेरजेवर. या बेरजेत एकेरीचा क्रमांकही धरता येत असल्याने केवळ दुहेरीवर उपजीविका करणाऱ्या खेळाडूची जागा एकेरीतील वरची खेळाडू घेऊ शकते. क्रमवारीत मागे असलेल्या स्थानिक जोडीला मग वाइल्ड कार्डाचाच आधार उरतो.

क्रमवारी मात्र जोडीची नसते. मिळविलेले गुण दोघींच्या स्वतंत्र खात्यांवर पूर्णपणे जमा होतात. मुंबईत जन्मलेल्या सानिया मिर्झा हिने एप्रिल २०१५ मध्ये दुहेरीत जागतिक प्रथम क्रमांक गाठला. मार्टिना हिंगिससह तिने २०१५ चे विम्बल्डन व अमेरिकन ओपन आणि २०१६ चे ऑस्ट्रेलियन ओपन जिंकले. ऑगस्ट २०१६ मध्ये ही जोडी फुटली. त्याच महिन्यात सिनसिनाटीच्या अंतिम सामन्यात बार्बोरा स्ट्रीकोव्हासह खेळणाऱ्या सानियाने हिंगिसच्या नव्या जोडीला हरविले आणि प्रथम क्रमांक एकटीच्या नावावर केला.

या संदर्भात सोलापूर जिल्ह्यातील बार्शीच्या प्रार्थना ठोंबरे हिचे उदाहरण अधिक बोलके आहे. बार्शी हे खामगाव-मलकापूरसारखेच बाजारपेठेचे तालुक्याचे गाव. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत प्रार्थनाने सानियासह महिला दुहेरीचे कांस्यपदक मिळविले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकसाठी दुहेरीच्या पहिल्या १० क्रमांकांतील खेळाडूस थेट प्रवेश होता व तिला पहिल्या ३०० मधील जोडीदार घेण्याची मुभा होती. या तरतुदीमुळे बार्शीची खेळाडू ऑलिंपिकच्या कोर्टवर उभी राहू शकली. चीनच्या पेंग शुआई व झांग शुआई यांच्याविरुद्ध पहिल्याच फेरीत ही जोडी तीन सेटमध्ये पराभूत झाली. तिसरा सेट तेथे पूर्ण खेळविला गेला, हे येथे लक्षात घ्यावे.

कारण मुंबई ओपनसारख्या स्पर्धांत तसे होत नाही. सेट १-१ असे बरोबरीत राहिल्यास तिसऱ्या सेटऐवजी १० गुणांचा टायब्रेकर होतो. शिवाय गेममध्ये ४०-४० होताच एकाच गुणावर निकाल लागतो व तो गुण कोणी परतवायचा हे सर्व्हिस घेणारी जोडी ठरविते. सामना आटोपशीर व्हावा हा त्यामागील हेतू. परंतु यामुळे एखाद्या चुकीची किंमत वाढते आणि दुर्बळ जोडीलाही अनपेक्षित विजयाची संधी राहते. ग्रँड स्लॅममधील महिला दुहेरीत पूर्ण तिसरा सेट कायम आहे.

शारीरिक मागणीतील फरकही दुर्लक्षिण्याजोगा नाही. एकेरीचे कोर्ट २७ फूट, तर दुहेरीचे ३६ फूट रुंद असते; म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला रुंदीचे सुमारे १८ फूट येतात. धावण्यापेक्षा पहिली सर्व्हिस, तिचा अचूक परतावा, जाळ्याजवळील व्हॉली आणि जोडीदाराच्या हालचालीचा अंदाज यांना येथे महत्त्व येते. बुलढाणा जिल्ह्यातील ज्या महाविद्यालयास एकच कोर्ट उपलब्ध होईल, तेथे एकेरीच्या सामन्यात दोन मुली खेळतील आणि उरलेल्या बाहेर बसतील. दुहेरीत चौघी खेळू शकतील.