कुलाब्याचं अफगाण चर्च आणि न लिहिलेली नावं

मुंबईत कुलाब्याहून नेव्हीनगरकडे जाताना उंच, निमुळत्या मनोऱ्याचं एक दगडी चर्च लागतं. कागदोपत्री त्याचं नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. लोक म्हणतात अफगाण चर्च. आज ते भर शहरात आहे, पण ४ डिसेंबर १८४७ रोजी पाया घातला तेव्हा ही गावाबाहेरची, लष्करी छावणीची जागा होती. कुलाबा बेट मुंबईला बांधाने जोडलं गेलं त्याला तेव्हा जेमतेम नऊ वर्षं झाली होती.

पहिलं अफगाण युद्ध आणि सिंधची मोहीम, म्हणजे १८३८ ते १८४३ या काळात जे सैनिक मेले, त्यांचं हे स्मारक. आराखडा हेन्री कॉनिबेअर यांचा. मुंबईला विहार तलावाचं पाणी आणण्याची योजना आखणारे तेच हे. ७ जानेवारी १८५८ ला चर्चचं विधिवत उद्घाटन झालं. मनोरा मात्र १८६५ मध्ये पुरा झाला. उंची १९८ फूट, जहाजांना लांबून दिसणारी खूण.

आत गेलं की भिंतीवर नावं दिसतात. ती अधिकाऱ्यांची आहेत. साध्या शिपायांविषयी एवढंच म्हटलंय, की ते इतके आहेत की त्यांची नोंद करता येत नाही. मरण मात्र दोघांना एकाच तऱ्हेने आलं, तलवारीने किंवा आजाराने.

आता हे शिपाई कोण? मुंबई लष्कराच्या देशी पलटणींत कोकणातले नि देशावरचे मराठे, महार, बेने इस्रायली, उत्तरेकडचे परदेशी असे सगळे होते. आपली बेळगावची छावणीही याच लष्कराची. तिथले लोक गलबतांतून सिंधला उतरले आणि बोलन घाटातून पुढे चालत गेले. त्यातले किती परत आले, हे ही भिंत सांगत नाही.

शिपायांची नावं दगडावर लिहायची पद्धतच नव्हती, असंही म्हणता येत नाही. याच लष्कराने १८२१ मध्ये कोरेगाव भीमाला स्तंभ उभारायला घेतला. त्यावर मेलेल्या शिपायांची नावं आहेत, शेवटी ‘नाक’ असलेली महार शिपायांची नावंसुद्धा. म्हणजे मनात आलं तर लिहिता येत होतं.

म्हणून सांगणं एवढंच : घरात जुनी पेन्शनची कागदपत्रं, पदक, किंवा आजीच्या तोंडची ‘काबूलला गेलेला’ अशी आठवण असेल, तर ती लिहून ठेवा. भिंतीवर जे राहून गेलं, ते निदान वहीत तरी येईल.