हरवलेले एकसष्ट दिवस

कऱ्हाड तालुक्यातल्या एका शिक्षकांनी नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतरही, एकूण बावीस वर्षे, पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातले पाणी मोजून वहीत लिहिले. ते गेल्यावर त्यांच्या मुलाने मला वह्यांची छायाचित्रे घेऊ दिली. आम्ही तिघांनी नोंदी संगणकावर उतरवल्या. दर वर्षाची एक साधी मजकूर-फाइल आणि दर दिवसाची एक ओळ: तारीख, ठिकाण (गुरुजींची दोनदा बदली झाली होती), मिलिमीटर, शेरा. या फाइलींतून जून ते सप्टेंबरचे आकडे वेचायला मी एक शेल स्क्रिप्ट लिहिली.

सात वर्षांत पाऊस जुलैअखेर थांबलेला दिसला. फाइल उघडून पाहण्याची तसदी न घेता मी मसुद्यात लिहून मोकळा झालो की, या वर्षांत गुरुजींच्या नोंदी ऑगस्टपासून खंडित आहेत. मुलाला ते वाचून दाखवले. तो काही बोलला नाही. आतून त्यातल्या एका वर्षाची वही आणून त्याने ऑगस्टचे पान माझ्यापुढे ठेवले. एकही तारीख सुटलेली नव्हती.

शेल म्हणजे युनिक्स घराण्यातल्या संगणकाशी टंकित आज्ञांतून बोलण्याचा दुभाष्या, आणि स्क्रिप्ट म्हणजे त्याला द्यायच्या आज्ञांची यादी. मजकुरातून आकडे काढायला तिच्या हाताशी बेल लॅब्जमध्ये घडलेली जुनी अवजारे असतात. केन थॉम्पसन यांचे ग्रेप हव्या त्या शब्दाची ओळ निवडते. आहो, वाइनबर्गर आणि कर्निगन यांनी १९७७ मध्ये केलेले ऑक ओळीचे रकाने पाडून हवा तो रकाना हातात देते. त्याचे नाव या तिघांच्या आद्याक्षरांचे. अवजारे चोख आहेत, पण फार अबोल. काही सापडले नाही तर ग्रेप गप्प बसते आणि ऑक शून्य देऊन पुढे जाते. त्यामुळे स्क्रिप्ट शेवटपर्यंत चालली एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. किती ओळी आत गेल्या आणि किती बाहेर आल्या, ते मोजावे लागते.

मी मोजल्या. पावसाळ्याचे दिवस १२२. त्या सात वर्षांत हाती आले होते ६१, म्हणजे नेमके जून आणि जुलै. ही सातही वर्षे एकाच व्यक्तीने टंकली होती, म्हणजे दोष आभाळात नव्हता आणि वहीतही नव्हता. ही व्यक्ती महिना दोन अंकी लिहिणारी, ०६, ०७, ०८ अशी; बाकी आम्ही नुसते ६, ७, ८ लिहीत होतो. मी वापरत असलेल्या बॅश या शेलच्या अंकगणितात शून्याने सुरू होणारी संख्या अष्टमान पद्धतीची समजली जाते, आणि त्या पद्धतीत ८ आणि ९ हे अंकच नाहीत. ०६ आणि ०७ निभावून गेले. ०८ आणि ०९ आले की 'महिना सहा ते नऊमध्ये आहे का?' ही तपासणी चुकीचा संदेश देऊन फसत होती, आणि फसणे म्हणजे 'नाही' असे धरून ओळ टाकून दिली जात होती. उपाय एवढाच, की महिन्याच्या आधी दहा आणि हॅशचे चिन्ह लिहून ही संख्या दशमान आहे असे बजावायचे.

बॅशने तक्रार केली नव्हती असे नाही. टाकलेल्या प्रत्येक ओळीला केली होती. पडदा स्वच्छ दिसावा म्हणून मीच सगळे चुकीचे संदेश डेव्ह-नल नावाच्या कृष्णविवरात पाठवून दिले होते.

मग बाकीच्या फाइलीही संशयाने पाहू लागलो. एका वर्षी मिलिमीटर देवनागरी अंकांत टंकलेले निघाले. ऑकला ते अंक अंक म्हणून ओळखता येत नाहीत, ते बेरजेत शून्य धरते. विंडोजवर केलेल्या फाइलींत ओळ संपताना एक जादा अदृश्य खूण येते आणि ती शेवटच्या रकान्याला चिकटते, म्हणून शेऱ्यातला 'निरंक' माझ्या 'निरंक'शी जुळत नव्हता.

सर्वांत जास्त वेळ घेतला तो कऱ्हाडने. ग्रेपला हे नाव निम्म्या फाइलींत सापडेना, आणि पडद्यावर तर ते ठसठशीत दिसत होते. शेवटी ऑड या आज्ञेने अक्षरांमागचे बाइट उलगडले. एका फाइलीत नावाचे १८ बाइट होते, दुसरीत २१. मराठीतला हा 'ऱ्ह' दोन प्रकारे टंकता येतो: पायाखाली टिंब असलेला ऱ घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक घेऊन. डोळ्याला दोन्ही एकच, ग्रेपला दोन वेगळी गावे. 'शेतकऱ्यांचे', 'वाऱ्याचा', 'दुसऱ्या' अशा शब्दांवर शोध घेणाऱ्या कोणालाही हा खड्डा चुकत नाही. मी आता सगळा मजकूर आधी एकाच रूपात आणतो, मगच शोधतो.

दुरुस्तीनंतर एकवीस वर्षांचे दिवस १२२ भरले. एका वर्षाचे १२१ राहिले. छायाचित्र काढून पाहिले. १४ सप्टेंबरपुढे मिलिमीटरचा रकाना रिकामा होता, म्हणून टंकताना ती ओळ गाळली गेली होती. नुसती टंकली असती तरी ऑकने रिकाम्या रकान्याला शून्य, म्हणजे कोरडा दिवस, धरले असते. शेऱ्यात गुरुजींच्या अक्षरात होते: 'परगावी. मापन नाही.' ती ओळ मी शेऱ्यासकट घातली आणि मसुद्यातले ते वाक्य काढून टाकले.