दोघे दोघे पाठविलेले : अमेरिकेच्या दक्षिणेकडील खेड्यांत तरुण मॉर्मन मिशनरीची दिनचर्या

प्रभूने आपल्या बारा शिष्यांना दोघे दोघे करून पाठविले, असे मार्ककृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. ह्या उताऱ्यावर आपण वर्षानुवर्षे उपदेश करीत आलो आहोत. परंतु तो अक्षरशः घेऊन, विशीही न गाठलेल्या मुलांना जोडीजोडीने दारोदार पाठविणारा एक संप्रदाय आज जगात आहे. एका वेळी सत्तर हजारांहून अधिक असे मिशनरी त्याच्या कामावर असतात. आपण ज्यांना सामान्यतः 'मॉर्मन' म्हणतो तोच हा संप्रदाय. २०१८ सालापासून मात्र त्याच्या नेत्यांनी हे टोपणनाव टाळून 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स', म्हणजे 'शेवटच्या दिवसांतील संतांची येशू ख्रिस्ताची मंडळी', हे पूर्ण नाव वापरण्याचा आग्रह धरला आहे. प्रस्तुत लेखात सोयीसाठी रूढ नाव ठेवले आहे. त्यात अनादर नाही.

हा विषय आपल्यापासून दूरचा आहे, असेही समजू नये. १८५२ साली ह्या संप्रदायाचा ह्यू फिंडले नावाचा मिशनरी मुंबईस आला आणि पुढे पुण्यातही त्याने काम केले. ते काम फार टिकले नाही. पण २०१२ साली भारतातील त्यांचा पहिला 'स्टेक', म्हणजे अनेक स्थानिक मंडळ्यांचा मिळून होणारा विभाग, हैदराबाद येथे स्थापन झाला. तेव्हा पांढरा सदरा घातलेले दोन तरुण उद्या आपल्या एखाद्या कुटुंबाच्या दारात उभे राहतील, आणि ते कुटुंब आपणांस विचारील की, 'हे कोण?' त्या प्रश्नाचे उत्तर केवळ मतखंडनाच्या पुस्तकातून देता येत नाही. तो मुलगा दिवसभर काय करतो, हेही जाणून घ्यावे लागते. त्यासाठी त्याच्या कामाची एक कठीण भूमी येथे निवडली आहे : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, टेनेसी ह्या दक्षिणेकडील राज्यांचा ग्रामीण भाग.

दिवसाचा नियम

ह्या कामासाठी पुरुषांची किमान वयोमर्यादा पूर्वी १९ व स्त्रियांची २१ होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये ती अनुक्रमे १८ व १९ वर आणण्यात आली. पुरुषांची सेवा दोन वर्षांची, स्त्रियांची दीड वर्षाची. कोठे जावयाचे हे उमेदवार ठरवीत नाही. नेमणुकीचे पत्र येते आणि तो निघतो. वेतन तर नाहीच. उलट २०२० सालापासून अमेरिकेतील मिशनरीसाठी दरमहा ५०० डॉलर त्याने स्वतः, त्याच्या कुटुंबाने अथवा त्याच्या मंडळीने भरावयाचे असतात. नेमणूक महागड्या शहरी असो वा स्वस्त खेड्यात, रक्कम सर्वांस सारखीच. प्रशिक्षणाचे मुख्य केंद्र युटा राज्यातील प्रोव्हो गावी आहे.

जुन्या वेळापत्रकाप्रमाणे सकाळी साडेसहाला उठावयाचे. अर्धा तास व्यायाम, मग स्नान व न्याहारी. आठ वाजता एकट्याने शास्त्रवाचन, नऊ वाजता जोडीदारासह अभ्यास, दहाला घराबाहेर. रात्री नऊ-साडेनऊपर्यंत परत यावयाचे, दुसऱ्या दिवसाची आखणी करावयाची, रोजनिशी लिहावयाची आणि साडेदहाला दिवा मालवावयाचा. २०१७ साली ह्या वेळापत्रकात स्थानिक परिस्थितीनुसार थोडी मोकळीक देण्यात आली, परंतु सांगाडा तोच राहिला. आठवड्यातील एक दिवस, बहुधा सोमवार, कपडे धुणे, बाजारहाट व पत्रलेखन ह्यांसाठी असतो. घरच्यांशी दूरध्वनीवर बोलणे पूर्वी वर्षातून दोनदाच, नाताळ आणि मातृदिन ह्या दिवशी, घडत असे. फेब्रुवारी २०१९ पासून ते आठवड्यातून एकदा करण्याची मुभा मिळाली. सेवाकाळात प्रेमसंबंधास थारा नाही. मद्य, तंबाखू, चहा व कॉफी हे तर सर्वच सभासदांना वर्ज्य आहेत.

सर्वांत कठीण नियम जोडीदाराचा. तो आपण निवडावयाचा नाही आणि त्याला सोडून कोठे जावयाचे नाही. चालणे, जेवणे, शिकविणे, एकाच खोलीत निजणे, सारे त्याच्याबरोबर. आठवड्यातून एकदा दोघांनी समोरासमोर बसून आपसांतील कुरबुरी बोलून मिटवावयाच्या असतात. सुमारे दर सहा आठवड्यांनी बदल्यांचा निर्णय येतो. कधी जोडीदार बदलतो, कधी गाव, कधी दोन्ही. मठवासी जीवनाचा ज्यांना परिचय आहे त्यांना ह्यात मठाच्या नियमावलीची छाया दिसेल. फरक इतकाच की येथे मठाला भिंती नाहीत, आणि साधक अद्याप पोरवयाचे आहेत. तरीही त्यांच्या छातीवरील काळ्या पट्टीवर 'एल्डर' असे लिहिलेले असते. आपल्या मराठी शास्त्रात ह्याच शब्दासाठी 'वडील' असा शब्द येतो. अठरा वर्षांच्या मुलाला 'वडील' म्हणून हाक मारली जाते, हे वाचून हसू येईल. पण त्या हाकेचे ओझे त्याने किती गंभीरपणे वाहावे अशी अपेक्षा असते, हेही ध्यानी घ्यावे.

ख्रिस्ती लोकांत मिशनरी

आता ही भूमी पाहू. येथे प्रत्येक चौरस्त्यावर उपासनामंदिर आहे. एक बॅप्टिस्ट, पलीकडे मेथडिस्ट, त्यापुढे पेंटेकॉस्टल. बुधवारी सायंकाळी दारे वाजविली तर पुष्कळ घरी कोणी सापडत नाही, कारण माणसे आपापल्या मंडळीच्या प्रार्थनासभेस गेलेली असतात. ज्याने ख्रिस्ताचे नाव ऐकलेले नाही असा मनुष्य येथे मिळणे दुर्मिळ. अशा ठिकाणी मिशनरी कोणास काय सांगणार?

घरे दूरदूर विखुरलेली. एकेका जोडीकडे मोठा टापू. म्हणून तेथे बहुधा मोटार दिलेली असते, परंतु महिन्याला किती मैल चालवावयाची ह्यावर मर्यादा असते. मैल संपले की पायी अथवा सायकलीने. ऑगस्टमधील दमट उष्मा आपल्या कोकणी वाचकांना सहज कल्पिता येईल. त्यात गळ्याशी टाय आणि समोर मोकळा सुटलेला कुत्रा.

तरीही दक्षिणेचा माणूस सौजन्यशील असतो. तो नाही म्हणेल, पण बहुधा ओसरीवर बसवून म्हणेल, आणि बर्फ घातलेल्या गोड चहाचा उंच पेला पुढे करील. हा चहा म्हणजे त्या प्रदेशाचे आतिथ्यच होय. आणि मिशनरीला तो नाकारावा लागतो! दारात आलेल्याने चहा नाकारणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. उपदेशाचा पहिला शब्द निघण्यापूर्वीच त्याला यजमानाची क्षमा मागावी लागते.

मग यजमान विचारतो, 'बाळा, तुझे तारण झाले आहे काय?' जो शिकवावयास आला त्यालाच शिष्य करून घेण्याचा हा प्रयत्न असतो. बॅप्टिस्टाच्या मते तारण ही विश्वासाने, कृपेने, एका निश्चित क्षणी घडलेली गोष्ट आहे. मॉर्मन शिकवणुकीत कृपा आहेच. परंतु तिच्याबरोबर अधिकृत विधी, आज्ञापालन आणि अखेरपर्यंत टिकून राहणे ही येतात. दोघेही 'कृपा' म्हणतात, दोघेही 'बाप्तिस्मा' म्हणतात, दोघेही बुडवून बाप्तिस्मा देतात. आणि तरीही दोघे निरनिराळ्या गोष्टी बोलत असतात. मिशनरीचे प्रमुख म्हणणे असे की, प्रेषितांनंतर मंडळीतून दैवी अधिकार लुप्त झाला आणि १८३० साली जोसेफ स्मिथ ह्यांनी न्यूयॉर्क राज्यात स्थापन केलेल्या मंडळीत तो पुनःस्थापित झाला. ह्याचा सरळ अर्थ, ओसरीवरील त्या वृद्ध डीकनचा बाप्तिस्मा ग्राह्य नाही. उलट मुख्य प्रवाहातील मंडळ्याही मॉर्मन बाप्तिस्मा मान्य करीत नाहीत; रोमन कॅथॉलिक चर्चने तसा स्पष्ट निर्णय २००१ साली दिला. अशा रीतीने एकाच प्रभूचे नाव घेणारी दोन माणसे समोरासमोर बसतात, आणि दोघांनाही दुसऱ्याच्या तारणाची चिंता वाटत असते.

रक्ताचा व रंगाचा इतिहास

ह्या ओसरीला इतिहास आहे. दक्षिणेतील मॉर्मन मिशनची विधिवत स्थापना १८७५ साली झाली. २१ जुलै १८७९ रोजी जॉर्जियात व्हार्नेल गावाजवळ बारा जणांच्या जमावाने जोसेफ स्टँडिंग ह्या तरुण मिशनरीस गोळी घालून ठार केले. त्याचा जोडीदार रजर क्लॉसन वाचला. तिघांवर खटला चालला व तिघेही निर्दोष सुटले. १० ऑगस्ट १८८४ रोजी टेनेसीतील केन क्रीक येथे, रविवारच्या उपासनेसाठी लोक एका घरी जमले असता, मुखवटे घातलेल्या जमावाने दोन मिशनरी व दोन स्थानिक तरुण मारले. जमावाचा म्होरक्याही तेथेच पडला.

त्या काळी मॉर्मन लोकांत बहुपत्नीत्व उघडपणे चालत असे. १८९० च्या जाहीरनाम्याने ते सोडून देण्यास आरंभ झाला. हे लोक आपल्या बायकामुली फसवून पश्चिमेकडे नेतील, ही भीती वृत्तपत्रांनी व उपदेशपीठांनी पेटविली होती. बहुपत्नीत्वाविरुद्धचा आक्षेप धर्मशास्त्रदृष्ट्या योग्य होता. परंतु त्या आक्षेपाच्या आडून बंदूक उचलणारे हात ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांचे होते. सत्यासाठी केलेला उपदेश श्रोत्यांच्या मनात काय होऊन बसतो, ह्याविषयी उपदेशकाने किती जागरूक असावे, ह्याचा हा धडा आहे.

दुसरी जखम त्यांच्या स्वतःच्या मंडळीची. जून १९७८ पर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांना तेथे याजकपद दिले जात नसे. ज्या प्रदेशात कृष्णवर्णीयांची वस्ती एवढी मोठी, तेथे मिशनरींची पावले प्रामुख्याने गोऱ्यांच्या दारांकडेच वळत. १९७८ साली हा निर्बंध उठला, आणि २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याच्या समर्थनार्थ पूर्वी सांगितलेल्या उपपत्ती मंडळीने नाकारल्या. तथापि आजच्या मुलाला ज्या दाराशी जुना प्रश्न विचारला जातो, त्या दाराशी त्याला आपल्या जन्माच्याही आधीचे उत्तर द्यावे लागते.

दार कशाने उघडते

वादाने दार क्वचितच उघडते. २००५ साली कत्रिना वादळाने मिसिसिपी व लुइझियानाचा किनारा उद्ध्वस्त केला, तेव्हा मॉर्मन स्वयंसेवक करवती व फावडी घेऊन पडलेली झाडे हटविण्यास आले. त्या वेळी त्यांचा सिद्धांत कोणी आधी विचारला नाही. एरवीही लाकडे फोडणे, छप्पर दुरुस्त करणे, म्हातारीचे अंगण झाडणे अशा कामातून जी ओळख होते ती टिकते.

पण बहुतेक दिवस रिकामेच जातात. सायंकाळी लिहावयाच्या आकड्यांच्या रकान्यात लिहिण्यासारखे काही नसते. घरी आजारपण असते, मनात शंका असते, जोडीदाराशी अबोला असतो. काही जण मुदतीपूर्वी परततात. त्यांतले कित्येक अपयशाची लाज घेऊन जगतात, कारण गावाने समारंभाने निरोप दिलेला असतो. जे पुरे करतात ते मात्र आपल्या श्रद्धेत बहुधा पक्के होऊन येतात. ह्या व्यवस्थेचे खरे फळ येथेच आहे, असे मला वाटते. दोन वर्षांत श्रोते फारसे बदलत नाहीत; सांगणारा बदलतो. जी गोष्ट दररोज मोठ्याने सांगावी लागते आणि जिच्यासाठी दररोज नकार सोसावा लागतो, ती अंगी मुरते.

आपणांसाठी

मॉर्मन शिकवणुकीशी आपला मतभेद वरवरचा नाही. पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे तीन पृथक् व्यक्तिमत्त्वे होत आणि पित्यालाही देह आहे असे ते मानतात. पवित्र शास्त्राच्या बरोबरीने ते इतर ग्रंथ ठेवतात. निकियाच्या मतांगिकाराशी ह्याचा मेळ बसत नाही, आणि तसे आपल्या लोकांना स्वच्छ सांगणे हे उपदेशकाचे कर्तव्य आहे. विशेषतः, शब्द सारखे असले तरी अर्थ सारखा नाही, हे शिकवावे. ज्याला आपला मतांगिकार केवळ पाठ आहे, समजलेला नाही, तो दोन हसतमुख तरुणांपुढे लवकर गोंधळतो. ती चूक त्या तरुणांची नसून आपली आहे.

दुसरे असे की, आपल्या तरुणांकडून आपण काय मागतो? नाताळच्या कार्यक्रमात एक गीत, युवक संघाची एक सहल. त्यांनी दोन वर्षे द्यावीत असे मी म्हणत नाही. त्या जाचाची किंमत वर सांगितलीच आहे. परंतु जेथे काही मागितलेच जात नाही, तेथे काही दिलेही जात नाही.

शेवटची सूचना साधी आहे. ते दारात आले तर वाद टाळावयाचा असेल तर टाळावा, पण त्यांना उन्हात उभे करू नये. आईवडिलांपासून हजारो मैल दूर असलेली ती कोणाची तरी मुले आहेत. चहा ते घेणार नाहीत. पण गार पाण्याचा पेला घेतील. त्या पेल्याविषयी मत्तयकृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायाच्या शेवटी प्रभूने काय म्हटले आहे, ते आपणां उपदेशकांना ठाऊकच आहे.