खाण बंद झाली, पाणी शुद्ध झाले का?

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि पाण्यावरचा आपला हक्क जगाला ठणकावून सांगितला. ते हक्काचे पाणी आज पिण्याजोगे आहे का, हे पाहणे आता आपले कर्तव्य आहे.

शेजारच्या गोव्याचे उदाहरण घ्या. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत लोहखनिजासाठी डोंगर पोखरले गेले. एक टन खनिजामागे दोन-तीन टन टाकाऊ माती निघे. तिचे ढीग खाणीशेजारीच रचले. खड्डे भूजलाच्या खाली गेले, पाणी उपसले गेले आणि विहिरी आटल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली खाणकाम थांबवले. पुढे ते सुरू झाले, तेव्हा २०१८ साली ८८ खाणपट्टे रद्द ठरवले. यंत्रे थांबली, पण पाऊस थांबत नाही. पावसाळ्यात ढिगांची लाल माती ओढ्यांत आणि भातशेतीत उतरते. गाळाचा थर बसून पीक खुरटते. नफा मालकाने नेला, चिखल गरिबाच्या वाट्याला आला!

आपल्या कुपवाडला लोखंडाच्या खाणी नाहीत, मग आपल्याला काय, असे म्हणू नका. दगड-खडीच्या पडीक खाणी आपल्याही मुलखात गावोगाव आहेत. अशा खाणीत कोणी कारखान्याची राख, रसायनांचे डबे टाकले, तर पावसाबरोबर ते विष खडकाच्या भेगांतून मुरत आसपासच्या बोअरमध्ये उतरू शकते.

माता-भगिनींनी एक लक्षात ठेवावे. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण विरघळलेले धातू व रसायने जात नाहीत. तुरटीने गाळ बसतो, पण नितळ पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. बाबासाहेबांनी डोळे मिटून विश्वास ठेवायला नव्हे, तपासून घ्यायला शिकवले. म्हणून पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी हाच खरा उपाय.

रविवारी वंदनेनंतर विहारातच वस्तीतल्या बोअर-विहिरींची यादी करा. पावसाळ्याआधी व नंतर तपासणी व्हावी, असा अर्ज महापालिकेला किंवा ग्रामपंचायतीला द्या. जंतूंबरोबर धातू व रसायनेही तपासावीत, असे त्यात स्पष्ट लिहा. अर्जाच्या दोन प्रती काढा आणि एकीवर पोच घ्या. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, शिक्क्याचा कागद उत्तर मागतो. खाणबाधित भागांसाठी २०१५ च्या कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने झाली. त्यांच्या निधीत पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम आहे. तो मागणे ही भीक नव्हे, हक्क आहे.

जयभीम!